देवीची लस, बेकरीतला पाव आणि ‘स्वातंत्र्य’ नावाचा शब्द

१९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ आठवड्यांच्या अंतराने दोन निकाल दिले. अमेरिकेची राज्यघटना समजून घ्यायची म्हणून कुणी विचारलं, तर मी आधी हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगतो. डोकं चक्रावतं, आणि तिथूनच खरं शिकणं सुरू होतं.

पहिला निकाल २० फेब्रुवारीचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावात देवीची साथ आली होती. १९०२ साली तिथल्या आरोग्य मंडळाने फर्मान काढलं की सगळ्यांनी लस टोचून घ्यायची, नाहीतर ५ डॉलर दंड भरायचा. हेनिंग जेकबसन नावाच्या धर्मोपदेशकाने ना लस घेतली, ना दंड भरला. लहानपणी स्वीडनमध्ये लस टोचल्यावर त्याला फार त्रास झाला होता. शरीर माझं, त्यात काय टोचायचं हे सरकारने का ठरवावं, असा त्याचा मुद्दा. सात विरुद्ध दोन मतांनी तो हरला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हार्लन यांचं म्हणणं सरळ होतं: दुसऱ्याचं नुकसान झालं तरी चालेल, मी माझ्या मर्जीने वागणार, हे तत्त्व मान्य केलं तर स्वातंत्र्य कुणालाच उरणार नाही.

दुसरा निकाल १७ एप्रिलचा. न्यूयॉर्क राज्याने कायदा केला होता की बेकरीतल्या कामगाराकडून दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही. त्या काळातल्या बेकऱ्या म्हणजे बहुतेक चाळीवजा इमारतींची तळघरं. हवा नाही, उजेड नाही, भट्टीची धग आणि नाकातोंडात मैदा. युटिका गावचा बेकरीमालक जोसेफ लॉकनर याला हा कायदा मोडल्याबद्दल ५० डॉलर दंड झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. कामगार जास्त तास राबायला तयार आहे आणि मालक त्याला ठेवायला तयार आहे, तर मध्ये पडणारं सरकार कोण, असं न्यायमूर्ती पेकहॅम यांनी लिहिलं. करार करण्याचं स्वातंत्र्य हेही स्वातंत्र्यच.

(या खटल्यात लॉकनरची बाजू मांडणारा हेन्री वाइसमन हा एके काळी बेकरी कामगारांच्या संघटनेचा पुढारी होता. हाच कायदा व्हावा म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. पुढे त्याने पक्ष बदलला. राजकारण सगळीकडे सारखंच.)

म्हणजे दंडात सुई खुपसण्याची सक्ती चालेल, पण भट्टीसमोरून माणसाला दहा तासांनी घरी पाठवण्याची सक्ती चालणार नाही. न्यायमूर्ती तेच नऊ. त्यांतले तीन असे, की ज्यांनी पहिल्या खटल्यात सरकारच्या बाजूने मत दिलं आणि दुसऱ्यात सरकारच्या विरुद्ध. घटनेतलं वाक्यही दोन्हीकडे तेच होतं.

ते वाक्य चौदाव्या घटनादुरुस्तीतलं. यादवी युद्ध संपल्यावर, १८६८ साली, ती घटनेत आली. कोणतंही राज्य कोणाही व्यक्तीचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता कायद्याच्या रीतसर प्रक्रियेवाचून हिरावून घेणार नाही, असा तिचा आशय. तिथे हे ‘ड्यू प्रोसेस’चं कलम म्हणून ओळखलं जातं.

आता हे वाक्य वकिली नजरेने वाचा. स्वातंत्र्य हिरावून घेता येणारच नाही, असं ते म्हणत नाही. रीतसर प्रक्रियेवाचून घेता येणार नाही, एवढंच म्हणतं. तुरुंगात टाकायचं तर आरोप सांगा, खटला चालवा, बचावाची संधी द्या. मग न्यूयॉर्कच्या कायदेमंडळाने रीतसर ठराव मांडून, मतदान घेऊन केलेला कायदा या वाक्यावरून कसा काय रद्द होतो?

तर अमेरिकी न्यायाधीशांनी या वाक्यात आणखी एक अर्थ वाचला. काही स्वातंत्र्यं इतकी मूलभूत असतात की प्रक्रिया कितीही चोख पाळली तरी पुरेसं कारण असल्याशिवाय सरकारला ती काढून घेता येत नाहीत. याला ते ‘सब्स्टँटिव्ह ड्यू प्रोसेस’ म्हणतात. मात्र अशी स्वातंत्र्यं नेमकी कोणती, याची यादी घटनेच्या या वाक्यात नाही. ती न्यायाधीश करतात. अमेरिकेतलं कामगारांच्या कामाच्या तासांपासून गर्भपातापर्यंतचं भांडण बघा, कोणत्याही बाजूने खणत गेलात तरी खाली हाच दगड लागतो.

मला स्वतःला या सगळ्यात ‘स्वातंत्र्य म्हणजे काय’ हा प्रश्न दुय्यम वाटतो. पटवून कुणी द्यायचं, हा खरा प्रश्न. लशीच्या खटल्यात न्यायालयाने गृहीत धरलं की कायदेमंडळाला अक्कल आहे. लस निरुपयोगी आहे असं वाटत असेल तर त्याचं ओझं जेकबसनच्या डोक्यावर. बेकरीच्या खटल्यात तेच ओझं उचलून राज्याच्या डोक्यावर ठेवलं: दहा तासांपेक्षा जास्त काम आरोग्याला घातक आहे, हे आम्हाला पटवून द्या. हार्लन यांनी आपल्या विरोधी मतात मैद्याच्या धुळीने फुप्फुसं आणि डोळे कसे खराब होतात याचे दाखले दिले. बहुमताला ते पुरेसे वाटले नाहीत. ओझं कुणाच्या डोक्यावर आहे हे कळलं की निकाल बहुतेक वेळा कळलेला असतो.

न्यायमूर्ती होम्स यांचं विरोधी मत जेमतेम दोन पानांचं, पण गाजलं ते तेच. घटना कोणत्याही एका आर्थिक विचारसरणीची बटीक नाही, असा त्याचा सूर. कायदा मला आवडतो की नाही याचा न्यायाधीशाच्या कामाशी संबंध नाही. लोकांनी निवडून दिलेल्यांना चुकायचा हक्क आहे.

होम्स यांचं म्हणणं बहुमताला पटायला बत्तीस वर्षं लागली. मधल्या काळात न्यायालयाने किमान वेतनाचे, कामाच्या अटींचे कायदे याच तर्काने पाडले (सगळे नाही, पण बरेच). मग महामंदी आली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे एकामागून एक कायदे रद्द होऊ लागले, तेव्हा वैतागून त्यांनी फेब्रुवारी १९३७ मध्ये न्यायालयात सहापर्यंत नवे न्यायाधीश भरण्याची योजना मांडली. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टन राज्यातली एल्सी पॅरिश खटला जिंकली. ही हॉटेलात खोल्या झाडणारी बाई. कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार मिळाला म्हणून फरकाची रक्कम मागत होती. पाच विरुद्ध चार. सरन्यायाधीश ह्यूज यांनी लिहिलं की घटनेत ‘कराराचं स्वातंत्र्य’ असे शब्दच नाहीत. न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी बाजू बदलली म्हणून हे झालं. रूझवेल्ट यांच्या धमकीने ते हलले, असं आजही सांगतात. पण त्यांचं मत आतल्या बैठकीत डिसेंबर १९३६ मध्येच, म्हणजे योजना जाहीर होण्याआधी, पडलं होतं. आणि ती योजना शेवटी बारगळलीच.

इथे थोडं आपल्याकडे वळायला हवं, कारण युटिकाच्या बेकरीची झळ दिल्लीपर्यंत पोचली आहे. आपली घटना लिहिली जात असताना घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले आणि न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. आपल्या मसुद्यात तेव्हा ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द होते. त्यामुळे न्यायाधीशांच्या हाती येणारी सत्ता लोकशाहीशी विसंगत आहे आणि न्यायालयांवर नसता बोजाही टाकते, असं फ्रँकफर्टर यांनी सांगितलं. त्यांचे हात पोळलेले होते: वकील असताना १९२३ साली किमान वेतनाचा कायदा वाचवायला तेच उभे राहिले होते आणि हरले होते. ते शब्द वगळले गेले आणि त्या जागी ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही जपानच्या घटनेतली शब्दरचना आली. तेच आपलं एकविसावं कलम.

यावर संविधान सभेत वाद झाला. १३ डिसेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या. पक्षाच्या बहुमताने भरलेलं कायदेमंडळ माणसाचे मूलभूत हक्क चिरडणारच नाही, अशी खात्री देता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या पाच-सहा सद्गृहस्थांवर तरी सगळा भरवसा कसा टाकायचा? इकडे आड, तिकडे विहीर, अशा अर्थाचा ग्रीक पुराणातला दाखला देऊन त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला अमेरिकेतला हा पेच पुस्तकी वाटलेला नाही, हे ते भाषण वाचताना जाणवतं. गंमत म्हणजे दारातून घालवलेलं ‘ड्यू प्रोसेस’ खिडकीतून परत आलं. १९७८ साली मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे.

परत अमेरिकेत. १९३७ नंतर न्यायालयाने आर्थिक कायद्यांपुढे जवळजवळ हात टेकले. मग न्यायाधीशांना काही कामच उरलं नाही का? उत्तर आलं पुढच्याच वर्षी, एका तळटीपेतून. खटला होता साय काढलेल्या दुधात खोबरेल तेल मिसळून विकणाऱ्या कंपनीचा. असं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला संघराज्याच्या कायद्याने बंदी होती. न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि चौथ्या तळटीपेत न्यायमूर्ती स्टोन यांनी जाता जाता म्हटलं, की कायदा घटनेने स्पष्ट दिलेल्या हक्कावर घाला घालत असेल, मतदानासारख्या लोकशाहीच्या वाटाच बंद करत असेल, किंवा ज्या अल्पसंख्याकांना राजकारणात कुणी वाली नाही त्यांना लक्ष्य करत असेल, तर आम्हाला जास्त बारकाईने बघावं लागेल.

आज अमेरिकेत जी मोजपट्टी वापरतात ती यातून वाढली. साधा आर्थिक कायदा असेल तर काहीतरी पटण्याजोगं कारण दिसलं की पुरे. सरकार सहसा जिंकतं. वंशावरून भेद केला असेल किंवा मूलभूत हक्काला हात घातला असेल, तर सरकारला अत्यंत निकडीचा हेतू दाखवावा लागतो, आणि त्यासाठी याहून कमी जाचक उपाय नव्हता हेही. मग सरकार सहसा हरतं. स्त्री-पुरुष भेदाच्या कायद्यांसाठी मधली पट्टी आहे. वकिलांची अर्धी लढाई असते ती पट्टी कोणती लावायची यावर.

आतापर्यंत आपण राज्यांबद्दल बोललो. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारची गोष्ट वेगळी, आणि इथे आपला भारतीय अंदाज हमखास चुकतो. राज्यांना जनतेच्या आरोग्यासाठी, सुरक्षिततेसाठी, नीतीसाठी कायदे करण्याचा सर्वसाधारण अधिकार आहे. त्याला तिथे ‘पोलीस पॉवर’ म्हणतात. खाकी वर्दीशी त्याचा संबंध नाही. काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला, मात्र असा अधिकारच नाही. घटनेत जे अधिकार मोजून दिले आहेत तेवढेच. त्यामुळे केंद्राचा कायदा आला की पहिला प्रश्न स्वातंत्र्याचा नसतोच. यादीत कुठे बसतं ते दाखवा, हा असतो.

यादीतली सर्वांत ताणली गेलेली ओळ आंतरराज्य व्यापाराची. ती किती ताणली गेली ते बघायला ओहायोच्या रॉस्को फिलबर्नच्या शेतावर जाऊ. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून केंद्राने प्रत्येक शेतकऱ्याला पेऱ्याची मर्यादा घालून दिली होती. फिलबर्नला ११.१ एकर मिळाले. त्याने पेरले २३. जादा पिकलेल्या २३९ बुशेल गव्हावर त्याला ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. तो म्हणाला, हा गहू मी विकायला पिकवलाच नाही. माझी गुरं खाणार, आम्ही खाणार. यात व्यापार कुठे आहे? १९४२ साली न्यायालय एकमताने म्हणालं, आहे. तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस. तुझ्यासारख्या सगळ्यांनी असंच केलं तर देशभरातल्या भावावर परिणाम होईल.

तर्काने हे बरोबर आहे, पण या तर्काला कुंपण कुठे घालायचं? घरच्या परसात लावलेली कोथिंबीरही मग आंतरराज्य व्यापारात जाते. ५० हून जास्त वर्षं न्यायालयाने कुंपण घातलंच नाही. १९९५ साली पहिल्यांदा घातलं: टेक्सासमधल्या बारावीच्या एका मुलाने शाळेत पिस्तूल आणलं, पण शाळेजवळ शस्त्र बाळगणं हा काही व्यापार नव्हे, म्हणून केंद्राचा कायदा रद्द. राज्यं तसा कायदा करू शकत होतीच. टेक्सासमध्ये तो होताही. २००५ मध्ये मात्र घरच्या वापरासाठी लावलेल्या गांजाला पुन्हा फिलबर्नचाच न्याय लागला. आणि २०१२ मध्ये, ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यात, सरन्यायाधीश रॉबर्ट्स (१९३७ चे रॉबर्ट्स वेगळे) यांनी सांगितलं की व्यापाराच्या ओळीखाली विमा घ्यायची सक्ती करता येणार नाही, पण न घेणाऱ्याकडून पैसे वसूल करणं हा कर समजला तर चालतं. वाट एक बंद, दुसरी उघडी, कायदा शाबूत.

आता खासगी आयुष्य. १९६५ साली कनेक्टिकट राज्याचा १८७९ पासूनचा एक कायदा न्यायालयापुढे आला. विवाहित जोडप्यालाही गर्भनिरोधकं वापरायला त्यात बंदी होती. कायदा मूर्खपणाचा आहे यावर सगळ्यांचं एकमत, पण रद्द कशाच्या आधारावर करायचा? निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती डग्लस हे रूझवेल्ट यांनी नेमलेले, बेकरीच्या निकालाचं नाव काढलं तरी नाक मुरडणाऱ्या पिढीतले. त्यामुळे त्यांनी ड्यू प्रोसेसचं नाव शक्यतो टाळलं आणि घटनेतल्या वेगवेगळ्या हक्कांच्या सावल्या जिथे एकमेकींवर पडतात तिथे खासगीपणाचा हक्क शोधला. हे त्यांच्या चाहत्यांनाही जरा ओढूनताणून वाटतं. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती ब्लॅक म्हणाले, मलाही माझा खासगीपणा प्यारा आहे. पण घटनेतलं एखादं ठोस कलम आड येत नसेल तर सरकारला त्यात शिरता येतं, हे मला मान्य करावंच लागतं. बेकरीचं हत्यार एकदा मोडीत काढल्यावर ते आपल्या आवडीच्या कामासाठी परत परजू नका, हा ब्लॅक यांचा टोला होता, आणि त्याला समाधानकारक उत्तर कुणी दिलंय असं मला वाटत नाही.

तरी हत्यार परजलं गेलं. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क त्यातून आला, २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा. न्यायालयाने १९९७ साली एक कसोटी पक्की केली होती: जो हक्क राष्ट्राच्या इतिहासात आणि परंपरेत खोल रुजलेला आहे तोच मूलभूत. ऐकायला ठोस वाटतं. मेख आहे ती प्रश्न किती मोठा विचारायचा यात. १९६७ साली व्हर्जिनियातलं एक गोरा नवरा आणि काळी बायको असं जोडपं न्यायालयात आलं. ‘काळ्या-गोऱ्यांनी लग्न करण्याची परंपरा आहे का’ असं विचारलं तर उत्तर नाही; उलट बंदीचीच परंपरा. ‘आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करण्याची परंपरा आहे का’ असं विचारलं तर उत्तर हो. न्यायालयाने प्रश्न मोठा विचारला आणि जोडपं जिंकलं. १९८६ साली समलिंगी संबंधांबाबत प्रश्न छोटा विचारला, माणूस हरला. २००३ साली तोच प्रश्न मोठा करून विचारला आणि १९८६ चा निकाल चुकीचा होता असं सांगून टाकलं.

२०२२ साली गर्भपाताचा हक्क गेला तो असाच. न्यायमूर्ती अलिटो यांनी प्रश्न छोटा, नेमका विचारला: गर्भपाताच्या हक्काची परंपरा आहे का? चौदावी दुरुस्ती झाली तेव्हा ३७ पैकी २८ राज्यांत गर्भपात गुन्हा होता, अशी त्यांची मोजदाद. विरोधी मत देणाऱ्या तिघांनी विचारलं की त्या वेळी मत द्यायचा हक्कही नसलेल्या बायकांच्या स्वातंत्र्याची हद्द त्या वेळच्या पुरुषांच्या कायद्यांवरून का आखायची? दोन्ही बाजूंनी इतिहासाचे गठ्ठे मांडले होते, पण वाद इतिहासाचा नव्हता. प्रश्नाच्या मापाचा होता.

राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेबद्दल थोडक्यात. १९५२ साली, कोरियातलं युद्ध चालू असताना, संप टाळण्यासाठी ट्रुमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते परत करायला लावले. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी तेव्हा घालून दिलेलं माप आजही प्रत्येक खटल्यात निघतं: संसदेची संमती असेल तर राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वांत जास्त, संसद गप्प असेल तर धूसर, आणि संसदेच्या इच्छेविरुद्ध असेल तर सर्वांत कमी.

हे माप लक्षात ठेवून १३ जानेवारी २०२२ कडे या. कोव्हिडची साथ, आणि न्यायालयापुढे पुन्हा लसच. बायडन सरकारच्या कामगार सुरक्षा विभागाने १०० किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या मालकांना सांगितलं होतं की कामगारांना लस घ्यायला लावा, नाहीतर दर आठवड्याला चाचणी आणि तोंडाला मास्क. सुमारे ८ कोटी ४० लाख कामगार त्यात येत होते. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच दिवशी दुसऱ्या निकालात, पाच विरुद्ध चार मतांनी, केंद्राच्या आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांवरची लससक्ती मात्र चालू दिली. दोन्ही बहुमतांत असलेले न्यायमूर्ती दोनच: रॉबर्ट्स आणि कॅव्हनॉ.

टोचून घ्यायचं की नाही हे ठरवण्याचा माणसाला हक्क आहे का, यावर दोन्ही निकाल उभे नव्हते. पहिल्यात प्रश्न होता, संसदेने या विभागाला कामावरचे धोके बघायला नेमलंय, मग जो रोग घरी, शाळेत, मैदानावर सगळीकडेच होतो त्याचा बंदोबस्त त्याने का करावा? दुसऱ्यात, पैसे देणाऱ्या खात्याला पेशंटच्या सुरक्षिततेसाठी अटी घालायचा अधिकार संसदेनेच दिलेला होता. आणि एखाद्या राज्याने स्वतःच्या कायद्याने सगळ्यांना लस सक्तीची केली असती तर? त्यासाठी केंब्रिजच्या त्या ५ डॉलर दंडाचा निकाल अजून जागेवर आहे.